सय्यद हामिद : आयएएस अधिकारी, अलीगढचे कुलगुरू आणि सच्चर समितीचे सदस्य

सच्चर समिती हे नाव आपल्या समाजात कोणाला माहीत नाही? जलसा असो, शाळेचं गॅदरिंग असो की निवडणुकीची सभा, "सच्चर कमिटीने सांगितलंय की..." हे वाक्य येतंच. पण समितीत न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्याशिवाय आणखी कोण होते, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. त्या समितीत एक सदस्य होते ज्यांचं वय नेमणुकीच्या वेळी पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर होतं. १९४३ मध्ये इंग्रजांच्या काळात सरकारी नोकरीत शिरलेला हा माणूस २००६ मध्ये मुसलमानांच्या सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक स्थितीच्या अहवालावर सही करत होता. मधली त्रेसष्ट वर्षं त्यांनी काय केलं, हे जाणून घ्यायला हवं. मराठीत त्यांच्याविषयी फार लिहिलं गेलेलं नाही, म्हणून हा थोडा सविस्तर परिचय.

नाव सय्यद हामिद. आधी एक खुलासा, कारण नावांचा घोळ होतो. आपल्या महाराष्ट्रातले मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे हमीद दलवाई वेगळे. हमदर्द दवाखान्याचे हकीम अब्दुल हमीद वेगळे (त्यांचा उल्लेख पुढे येणार आहे). आणि हे सय्यद हामिद वेगळे.

जन्म, शिक्षण आणि नोकरीची सुरुवात

सय्यद हामिद यांचा जन्म २८ मार्च १९२० रोजी उत्तर प्रदेशातल्या फैजाबादला झाला. योगायोग बघा, अलीगढच्या कॉलेजला मुस्लिम विद्यापीठाचा दर्जा देणारा कायदाही १९२० चाच. पुढे त्याच विद्यापीठात ते शिकले आणि साठाव्या वर्षी त्याचे कुलगुरू झाले. इंग्रजी आणि फारसी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय, उर्दू तर घरचीच. आयुष्यभर ते उर्दू आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत राहिले.

१९४३ मध्ये ते संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, नागरी सेवेत रुजू झाले. १९४९ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत आले. या दोन तारखांच्या मध्ये काय घडलं ते आपल्याला ठाऊक आहे. फाळणी झाली. उत्तर प्रदेशातून शिकलेला, नोकरी करणारा मोठा मुस्लिम वर्ग कराचीला आणि लाहोरला निघून गेला. सरकारी कचेऱ्यांतले मुस्लिम अधिकारी एकाएकी कमी झाले. जे मागे राहिले त्यांच्यात हामिद साहेब होते. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, तहसीलदार हाच वर्ग समाजाच्या पुढच्या पिढीला वाट दाखवत असतो. तोच कमी झाला तर गरीब घरातल्या मुलाला "बाबा, हा फॉर्म भर" असं सांगणारं कोणी उरत नाही. माझ्या मते हामिद साहेबांच्या पुढच्या सगळ्या कामाची मुळं इथे आहेत. पुढे त्यांनी जे जे उभं केलं त्याचा रोख मुलांना स्पर्धा परीक्षेपर्यंत पोहोचवण्याकडेच होता.

दुसरी एसएससी

आपल्याकडे एसएससी म्हटलं की दहावी. दहावीच्या वर्गात "एसएससीतून केंद्र सरकारची नोकरी मिळते" असं सांगितलं तर मुलं म्हणतात, "सर, ती तर आम्ही मार्चमध्येच देणार आहोत!" तर ही एसएससी वेगळी. स्टाफ सिलेक्शन कमिशन, म्हणजे कर्मचारी निवड आयोग. केंद्र सरकारच्या मंत्रालयांत आणि खात्यांत कारकून, सहाय्यक, इन्स्पेक्टर, स्टेनोग्राफर अशी जी मधल्या आणि खालच्या फळीची पदं असतात, त्यांची भरती हा आयोग करतो. आयोग स्थापण्याचा निर्णय नोव्हेंबर १९७५ मध्ये झाला. तेव्हा त्याचं नाव सबऑर्डिनेट सर्व्हिसेस कमिशन होतं, सप्टेंबर १९७७ मध्ये ते बदलून आजचं नाव आलं. या आयोगाच्या सुरुवातीच्या काळात त्याचं अध्यक्षपद सय्यद हामिद यांच्याकडे होतं. १९८० मध्ये अलीगढला जाईपर्यंत ते तिथे होते.

त्यांच्या चरित्रावर जे थोडं लिहिलं जातं, त्यात या कामाला एखादी ओळ मिळते. कुलगुरूपद मोठं वाटतं, भरती आयोग रुक्ष वाटतो. पण विचार करा. देशभरातून येणारे अर्ज कोणाचे आहेत, कोणत्या भागातून आहेत, परीक्षेला बसतं कोण, पास होतं कोण, हे सगळं ज्या टेबलावरून दिसतं त्या टेबलामागे हा माणूस बसलेला होता. कलेक्टर मोजके असतात. सरकारी कचेरीचं रोजचं काम मात्र याच मधल्या फळीच्या हातात असतं आणि एका गरीब कुटुंबाची पिढी बदलायला अशी एक नोकरी पुरते. आपल्या समाजातल्या पालकांना आयएएस माहीत असतं, पोलीस भरती माहीत असते. मधली ही फळी मात्र डोळ्यांसमोरच नसते. आयोगाच्या पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईतच आहे, तरीही.

अलीगढ, १९८० ते १९८५

मार्च १९८० मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि मार्च १९८५ पर्यंत राहिले. हा काळ सोपा नव्हता.

विद्यापीठासमोरचा मोठा प्रश्न अल्पसंख्याक दर्जाचा होता. १९६७ मध्ये अझीझ बाशा खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की हे विद्यापीठ १९२० च्या कायद्याने म्हणजे सरकारने स्थापन केलं, मुसलमानांनी नव्हे, त्यामुळे घटनेच्या कलम ३० चं संरक्षण त्याला मिळत नाही. लोक अस्वस्थ होते. आंदोलनं झाली. अखेर १९८१ मध्ये संसदेने विद्यापीठाचा कायदा दुरुस्त केला. विद्यापीठ म्हणजे भारतातल्या मुसलमानांनी स्थापन केलेली, त्यांच्या पसंतीची शिक्षणसंस्था, अशी व्याख्या आली. आणखी एक तरतूद आली जिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. भारतातल्या मुसलमानांच्या शैक्षणिक आणि सांस्कृतिक प्रगतीसाठी खास काम करण्याचा अधिकार विद्यापीठाला मिळाला. म्हणजे विद्यापीठाने फक्त कॅम्पसमधल्या मुलांना शिकवायचं नाही, कॅम्पसच्या भिंतीबाहेरही बघायचं. ही दुरुस्ती हामिद साहेब कुलगुरू असतानाची आहे. श्रेय एकट्या त्यांचं म्हणता येणार नाही, त्यामागे मोठी चळवळ होती. पण दुसऱ्या तरतुदीचा अर्थ त्यांनी पुरता ओळखला, हे त्यांच्या नंतरच्या कामावरून दिसतं.

(दर्जाचा वाद पुढेही चालूच राहिला. २००५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने पन्नास टक्के मुस्लिम राखीव जागा रद्द केल्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी अझीझ बाशाचा निकाल मोडीत काढला आणि अलीगढ अल्पसंख्याक संस्था आहे की नाही, हे ठरवण्याचं काम दुसऱ्या पीठाकडे सोपवलं.)

१९८२ मध्ये त्यांनी 'तहजीब-उल-अखलाक' पुन्हा सुरू केलं. हे सर सय्यद अहमद खान यांचं मासिक, १८७० मध्ये निघालेलं. साध्या उर्दूत विज्ञान, शिक्षण, समाजातल्या वाईट चालीरीती यांवर सर सय्यद त्यात लिहायचे आणि त्यापायी त्यांच्यावर फतवेही निघाले. शंभर वर्षांनंतर ते पुन्हा काढण्यामागे जुन्या आठवणी जपण्यापेक्षा अधिक काही होतं. मदरशांतल्या, मोहल्ल्यातल्या उर्दू वाचकापर्यंत नव्या जगाच्या गोष्टी त्याच्याच भाषेत न्यायच्या होत्या. आम्ही जे उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या मुलांबरोबर काम करतो त्यांना याचं महत्त्व लगेच कळतं. माहिती इंग्रजीत पडून असते, मूल उर्दूत विचार करतं आणि फॉर्म मराठीत येतो.

प्रशासक म्हणून ते कडक होते. परीक्षा वेळेवर, हजेरी पक्की, शिस्त म्हणजे शिस्त. विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या गटाला हे रुचलं नाही. त्यांच्या काळात कॅम्पसमध्ये आंदोलनं झाली, वातावरण तापलं. आजही अलीगढच्या त्या काळातल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये दोन तट दिसतात. काही जण त्यांना विद्यापीठ रुळावर आणणारे म्हणतात, काही जण म्हणतात की आयएएस अधिकाऱ्याने विद्यापीठ कचेरीसारखं चालवलं. दोन्हीत तथ्य असावं. पुढे विद्यापीठाने मुलांच्या आपल्या उच्च माध्यमिक शाळेला त्यांचं नाव दिलं.

तालीमाबाद

बहुतेक अधिकारी इथे थांबतात. आयएएस झालं, आयोगाचं अध्यक्षपद झालं, कुलगुरूपद झालं, आता बंगला, बाग आणि आत्मचरित्र. हामिद साहेब पासष्टीला दिल्लीत नव्या कामाला लागले. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोलाचा भाग.

दिल्लीत हकीम अब्दुल हमीद होते. रूह अफजा आपल्या प्रत्येक घरात रमजानला येतं. त्याच हमदर्दचे हे हकीम साहेब. १९४८ मध्ये हमदर्दचा कारखाना वक्फ करण्यात आला. धंद्याचा नफा घरात न नेता शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करायचा, अशी ती व्यवस्था. यातूनच पुढे जामिया हमदर्द उभं राहिलं आणि १९८९ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हकीम साहेबांकडे साधनं होती, दूरदृष्टी होती. हामिद साहेबांकडे सरकार कसं चालतं, भरती कशी होते, संस्था कशी चालवायची याचं चाळीस वर्षांचं ज्ञान होतं. या दोघांची जोडी जमली.

दक्षिण दिल्लीत संगम विहारजवळ तालीमाबाद नावाचा परिसर उभा राहिला. नावच बघा, तालीमने आबाद. तिथे हमदर्द पब्लिक स्कूल सुरू झालं. तिथेच हमदर्द स्टडी सर्कल सुरू झालं, म्हणजे नागरी सेवा परीक्षेच्या तयारीचं निवासी केंद्र. आज असं केंद्र म्हटलं तर नवल वाटत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र ही कल्पना नवीन होती. तेव्हा समाजाचा पैसा मशिदी, मदरसे आणि फार तर शाळांवर खर्च व्हायचा. एका मुलाला दोन वर्षं वर्तमानपत्र वाचायला आणि निबंध लिहायला खोली द्यायची, जेवण द्यायचं, आणि तो पास होईलच याची खात्री नाही. अशा कामासाठी देणगीदार पटवणं किती अवघड, हे ज्यांनी कधी संस्थेसाठी चंदा गोळा केलाय त्यांनाच कळेल.

२००९ च्या नागरी सेवा परीक्षेत काश्मीरचे शाह फैसल देशात पहिले आले. त्यांची तयारी याच हमदर्द स्टडी सर्कलमध्ये झाली होती. हकीम साहेब १९९९ मध्येच गेले होते. त्यांच्यानंतर हामिद साहेबांनी जामिया हमदर्दच्या कुलपतीपदाची जबाबदारी सांभाळली.

याच काळात ते तालीमी कारवाँ घेऊन बाहेर पडले. डिसेंबर १९९२ नंतरचे दिवस आठवा. बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईपासून सुरतपर्यंत दंगली झाल्या, समाज भेदरलेला आणि चिडलेला होता. अशा वेळी गावोगाव जाऊन शिक्षणावर बोलायचं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवूनच. लोक म्हणणार, इथे घरं जळतायत आणि हे शाळा काढा म्हणतायत. तरी ते फिरले. त्यांचा फिरण्याचा पट्टा मुख्यतः उत्तर भारताचा होता आणि त्यांच्या एकूण कामाची ही मर्यादाही आहे. आपल्याकडे मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम १८७४ मध्येच निघालेली, म्हणजे सर सय्यद यांच्या अलीगढच्या मदरशाच्याही एक वर्ष आधी. कोकणात, पुण्यात, मालेगावात शिक्षणसंस्थांची स्वतःची परंपरा आहे. उत्तरेतल्या मंडळींच्या बोलण्यात ती फारशी येत नाही. हामिद साहेबांच्याही नाही.

इंग्रजीत 'नेशन अँड द वर्ल्ड' नावाचं पाक्षिकही त्यांनी चालवलं. समाजाबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रं जे लिहितात त्याला आकडेवारीने आणि सभ्य भाषेत उत्तर द्यायचं, ही त्यामागची भूमिका. आवाज चढवून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सच्चर समिती

९ मार्च २००५ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी एक उच्चस्तरीय समिती नेमली. अध्यक्ष दिल्ली हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश राजिंदर सच्चर. सदस्य सय्यद हामिद, समाजशास्त्रज्ञ टी. के. ऊम्मन, एम. ए. बासित, अख्तर मजीद आणि राकेश बसंत. सदस्य-सचिव अर्थतज्ज्ञ अबू सालेह शरीफ. विशेष कार्य अधिकारी सय्यद जफर महमूद, जे पुढे झकात फाउंडेशन ऑफ इंडियामार्फत नागरी सेवेच्या कोचिंगचं काम करू लागले. समितीत एकही महिला नव्हती. यावर तेव्हाच टीका झाली आणि ती रास्त होती.

१७ नोव्हेंबर २००६ ला अहवाल पंतप्रधानांना दिला गेला, ३० नोव्हेंबरला संसदेत मांडला गेला. चारशेहून जास्त पानं. २००१ ची जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी, बँकांची कर्जं, खात्याखात्यांची कर्मचारी संख्या असं सगळं सरकारी आकड्यांतच मांडलेलं. मुसलमान देशाच्या लोकसंख्येच्या १३.४ टक्के. आयएएसमध्ये ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के. रेल्वेत ४.५ टक्के आणि त्यातलेही जवळजवळ सगळे, ९८.७ टक्के, खालच्या पदांवर. साक्षरता ५९.१ टक्के, देशाची ६४.८. सहा ते चौदा वयाची चारातली एक मुस्लिम मुलं शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच सुटली. आणि ज्या मदरशांवरून एवढा गदारोळ होतो, तिथे शिकणारी मुलं शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांच्या चारेक टक्क्यांहून जास्त नाहीत. काही बँका मुस्लिम वस्त्यांना नकारात्मक भाग ठरवून कर्ज टाळतात, हेही अहवालाने लिहून ठेवलं.

हे आकडे आपण सभांतून ऐकतो. पण एक आकडा सभांतून ऐकू येत नाही आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००३ आणि २००४ च्या नागरी सेवा लेखी परीक्षेला बसलेल्यांत मुसलमान किती होते? ४.९ टक्के. हजार उमेदवारांत लोकसंख्येप्रमाणे १३४ असायला हवे होते, होते फक्त ४९. आणि जे बसले त्यांचं पास होण्याचं प्रमाण? इतरांइतकंच.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. पहिला सांगतो की आपली मुलं परीक्षेच्या हॉलपर्यंत पोहोचतच नाहीत. दुसरा सांगतो की पोहोचली तर इतरांच्या मागे पडत नाहीत. याचा अर्थ भेदभाव कुठेच नाही असा होत नाही. अहवालाने भेदभावाच्या तक्रारीही नोंदवल्या आणि त्यासाठी समान संधी आयोग सुचवला. पण "आपल्याला कोण घेणार" म्हणून फॉर्मच न भरणाऱ्या मुलाला दाखवावा असा हा आकडा आहे. मुलगा बारावी होण्याआधीच गॅरेजमध्ये जातो किंवा आखाताचा व्हिसा शोधतो. मुलीचं पदवीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न ठरतं. मग परीक्षेला बसायला उरतं कोण? वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक मिळून ४ टक्क्यांपेक्षाही कमी होते, देशाची सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. नागरी सेवेला पदवी लागते. गाळणी तिथेच लागते.

हमदर्द स्टडी सर्कल हे या आकड्याला आधीच दिलेलं उत्तर होतं. आकडा २००६ मध्ये छापला गेला, पण हामिद साहेबांनी त्यावर काम पंधराएक वर्षं आधी सुरू केलं होतं. भरती आयोगाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते आधीच दिसलं असणार, असं मी म्हणेन.

पुढे काय झालं

अहवालानंतर काही गोष्टी झाल्या. अल्पसंख्याकबहुल ९० जिल्ह्यांसाठी विकास कार्यक्रम आला, त्यात आपल्या राज्यातले परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा होते. पहिलीपासून पीएचडीपर्यंत शिष्यवृत्त्या आल्या. 'नया सवेरा' नावाची मोफत कोचिंग योजना चालली. मुंबईच्या हज हाऊसमध्ये हज कमिटी ऑफ इंडियाने २००९ पासून नागरी सेवेचं निवासी कोचिंग सुरू केलं. ही सरळ सरळ तालीमाबादच्याच वाटेवरची गोष्ट.

काही गोष्टी झाल्या नाहीत. समान संधी आयोग आजवर अस्तित्वात आलेला नाही. विविधता निर्देशांकाचं काम तज्ज्ञ समितीपुढे गेलं नाही. आणि ज्या झाल्या त्यांतल्याही काही बंद झाल्या. २०२२-२३ पासून प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी थांबली, नववी-दहावीपुरती उरली. मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. नया सवेराही गुंडाळली गेली. शाळेत दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची झुंबड असायची. उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, बोनाफाईड. रक्कम छोटी होती, पण त्या निमित्ताने आई-वडील शाळेत यायचे आणि मूल शाळेत टिकायचं.

महाराष्ट्रात सच्चरच्या पाठोपाठ २००८ मध्ये राज्य सरकारने स्वतःची समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. महमूदुर रहमान. तेही निवृत्त आयएएस अधिकारी आणि तेही अलीगढचे माजी कुलगुरू. म्हणजे हामिद साहेबांचीच वाट चाललेले. त्यांचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये आला आणि त्याने शिक्षण, नोकरीत आठ टक्के आरक्षण सुचवलं. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुसलमान ११.५४ टक्के. सरकारने जुलै २०१४ मध्ये अध्यादेश काढून मुस्लिमांतल्या मागास गटांना पाच टक्के दिले. १४ नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकरीतल्या आरक्षणालाही दिली, पण शिक्षणातले पाच टक्के तसेच ठेवले. कोर्टाने ठेवलं ते विधिमंडळात टिकलं नाही. नव्या सरकारने अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर केलं नाही आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो आपोआप संपला. त्याच महिन्यात, २९ डिसेंबर २०१४ रोजी, सय्यद हामिद यांचा दिल्लीत इंतकाल झाला. वय चौऱ्याण्णव.

ज्या पालकांना वाटतं की पाच टक्के गेले म्हणजे सगळं गेलं, त्यांच्यासाठी इथे एक माहिती देतो. तांबोळी, पिंजारी, अत्तार, मोमीन अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आधीपासून आहेत आणि ते आरक्षण कुठेही गेलेलं नाही. अडचण दाखल्याची आहे. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. केंद्राच्या परीक्षेसाठी जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. फॉर्मची तारीख जवळ आल्यावर ही धावपळ होत नाही, त्यामुळे नववी-दहावीपासूनच कागद जमवायला लागा.

आणि परीक्षेची भाषा. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून किंवा उर्दूतूनही लिहिता येते. जालना जिल्ह्यातले अन्सार शेख, वडील रिक्षाचालक, २०१५ च्या परीक्षेत एकविसाव्या वर्षी ३६१ वा क्रमांक मिळवून आयएएस झाले, हे आपल्या मुलांना माहीत आहे. पण हामिद साहेबांच्या जुन्या आयोगाची बातमी फार कमी जणांपर्यंत पोहोचली. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीची परीक्षा आधी फक्त हिंदी आणि इंग्रजीत व्हायची. १ जानेवारी २०२४ पासून ती आणखी तेरा भाषांत होते आणि त्या तेरांत मराठी, उर्दू आणि कोकणी तिन्ही आहेत. फॉर्म आयोगाच्या वेबसाइटवर निघतो, त्यात भाषेचा रकाना असतो, तो भरताना नीट बघून निवडायचा.